मोर्चाकडे पाठ करून उभे राहणारे गृहस्थ

ज्या गृहस्थांविषयी मी लिहिण्यास बसलो आहे, त्यांच्याविषयी माझे मत काय, असे कोणी विचारल्यास ते मला देता येणार नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. लालबागच्या टपालकचेरीच्या ओट्यावर लाकडी पेटी पुढे घेऊन मी अनेक वर्षे लोकांचे अर्ज, विनंत्या, कैफियती व खुलासे लिहीत आलो आहे. माझे शिक्षण मराठी सहाव्या इयत्तेपर्यंत झाले. तथापि सरकारी कचेऱ्यांतून माझे अक्षर ओळखले जाते, आणि समोर बसलेल्या माणसाचे प्रकरण ऐकून त्यातील मुद्दा कोणता, हे मला दहा मिनिटांत कळते. या गृहस्थांचा मुद्दा मला चार वर्षांच्या परिचयातही कळला नाही. आज ते डोळ्यांसमोर आले की प्रथम त्यांचा आदर वाटतो, मग राग येतो, मग आपण नेमके कोठे चुकलो याचा विचार सुरू होतो, आणि तो विचार पुन्हा आदरापाशी येऊन थांबतो.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळपासून गिरगावपर्यंत दर दोन दिवसांनी कोठे ना कोठे मोर्चा नाही तर सभा असे. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर मोर्चाच्या पुढे उलट्या पावलांनी पळत पुढाऱ्यांचे फोटो घेत. हे गृहस्थ मात्र ऐन मोर्चा चालला असताना रस्त्याच्या कडेला, मोर्चाकडे पाठ करून, फुटपाथकडे तोंड करून उभे राहत. अंगात इस्त्री नसलेला पांढरा शर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला चौकोनी कॅमेरा. तो कॅमेरा डोळ्याला लावायचा नसे. पोटाशी धरून वरच्या काचेत पाहायचे असे. त्यामुळे फोटो घेताना त्यांची मान खाली झुके, आणि फुटपाथवरच्या बायाबापड्यांना वाटे की कोणी भला माणूस आपल्याला नमस्कार करतो आहे. काहीजण उलट नमस्कार करीत. तो नमस्कार फोटोत येई.

एकदा एका स्वयंसेवकाने त्यांचा खांदा धरून त्यांना फिरवण्याचा यत्न केलेला मी स्वतः पाहिला.

"ओ मिस्टर, मोर्चा इकडे आहे!"

"माहीत आहे."

"मग तिकडे काय बघताय? पानाची गादी?"

"तुम्हाला कोण बघतंय, ते बघतोय."

"कुणाची माणसं तुम्ही? त्यांची की आमची?"

"मी वरळीचा," असे उत्तर देऊन गृहस्थ पुन्हा मान खाली घालून उभे राहिले. स्वयंसेवक खांदा सोडून मोर्चात परतला. आमच्या भागात त्यांचे नाव 'पाठमोरे' असे पडले. ते नाव त्यांना ठाऊक होते. कोणी तशी हाक मारली तर ते वळून पाहत.

वरळीच्या बी. डी. डी. चाळीत त्यांची एक खोली होती. भिंतीवर हार घातलेली बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेत त्यांनी काढलेले फोटो. पोटासाठी ते गिरगावातील एका स्टुडिओत रिटचिंगचे काम करीत. हे काम म्हणजे काय, हे मला त्यांनीच दाखवले. खिडकीपाशी एक उतरते मेज, मेजाच्या मध्ये काच, काचेखाली उजेड वर फेकणारा आरसा. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, सुईसारखी टोके केलेल्या पेन्सिलींनी व एका बारीक चाकूने ते दिवसभर लोकांचे चेहरे दुरुस्त करीत. देवीचे व्रण पुसत, मिटलेला डोळा उघडत, वाङ्निश्चयासाठी पाठवायच्या फोटोतील मुलीच्या गालावर मांस चढवत. एका विधवेच्या शेजारी तिच्या कैलासवासी पतीस त्यांनी असे बसवले होते की दोघांची सावलीही एकाच बाजूला पडली होती.

या धंद्याचा परिणाम त्यांच्या बोलण्यावर झाला होता. माणसाची स्तुती ते त्याच्यावर किती काम पडेल या हिशेबाने करीत. "चांगली बाई आहे. काही खरवडावं लागणार नाही." एका नगरसेवकाविषयी म्हणाले, "मानेखाली ठीक आहेत." माझ्या कपाळाकडे त्यांनी पहिल्या भेटीत बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "दोन तास लागतील." मी तो अपमान समजावा की सहानुभूती, हे त्या वेळीही मला ठरवता आले नाही.

मात्र स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोस ते पेन्सिलीचे टोकही लावत नसत. तो कापत नसत, कडा सारख्या करीत नसत, आणि फोटोखाली नाव, स्थळ, तारीख असे काही लिहीत नसत. मी त्यांना समजावले की, ज्या कागदावर तारीख नाही त्यास कोणतीही कचेरी विचारत नाही. ते म्हणाले, "मी कचेरीसाठी काढलेलेच नाहीत."

"मग कोणासाठी?"

यावर त्यांनी इतका वेळ विचार केला की माझा चहा निवला. अखेर म्हणाले, "ट्रंक भरेपर्यंत काढतो. मग बघू."

माझा स्वतःचा फोटो त्यांनी काढला त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. ते तीन दिवस माझ्या ओट्यासमोर येऊन बसले. पहिल्या दिवशी मी कोट घातला व टाक शाईत बुडवून योग्य त्या आविर्भावात थांबलो. त्यांनी फोटो घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मी चष्मा पुसून तोच आविर्भाव केला. त्यांनी बिडी ओढली. तिसऱ्या दिवशी मी त्यांना विसरलो. भायखळ्याची एक बाई आपल्या घरमालकाविरुद्धची तक्रार सांगत होती, मी टाकाच्या मागच्या टोकाने पाठ खाजवत होतो, आणि त्यांनी मान झुकवली. फोटो आला तेव्हा पाहतो तो सगळ्या फोटोभर ती बाई, तिचा वर आलेला हात, तिचे उघडे तोंड. मी एका कडेला, खांद्यापासून पुढे नाहीच.

"मी अर्ज लिहितो आहे, हे यात दिसत नाही," असे मी म्हटले.

"तुम्ही लिहिता ते मला कळत नाही. ती बोलते ते दिसतं."

तो फोटो मी घेतला. भिंतीवर लावला नाही. फेकलाही नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

एका मोर्चाच्या दिवशी परळच्या एका गिरणीच्या टाइम ऑफिसची, म्हणजे हजेरीच्या कचेरीची, काच दगडाने फुटली. गिरणीच्या पहारेकऱ्याने जबानी दिली की, दगड समोरच्या बंद दुकानापाशी उभ्या असलेल्या भिकाजी नावाच्या विणकराने मारला. भिकाजी त्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, सोळा वर्षे काम करणारा, मालवणकडचा, मुंगीला वाट देणारा माणूस. त्यास कामावरून दूर करून चौकशीची नोटीस देण्यात आली. नोकरी गेली तर गिरणीच्या चाळीतील खोलीही जाणार होती. खोलीत म्हातारी आई आणि तीन मुली. नोटीस घेऊन माझ्याकडे आली ती त्याची बायको शेवंती. भिकाजी तिच्या मागे उभा होता आणि सगळे तीच बोलत होती.

"ह्यांनी दगड खंयसून मारलो? हातात दळणाचो डबो होतो. दोनय हातांनी धरलेलो."

"डबा कोणी पाहिला?"

"मी पाठवलंय दळणाक. मी नाय बघूक?"

"बायकोची साक्ष चालत नाही," असे मी नियमाप्रमाणे सांगितले. मग एकाएकी मला आठवले की त्या दिवशी त्या गिरणीसमोर आमचे 'पाठमोरे' उभे होते. मोर्चाकडे पाठ म्हणजे दुकानाकडे तोंड. शहरातील कोणत्याही वर्तमानपत्राकडे नसेल असा पुरावा त्या माणसाच्या ट्रंकेत असणार. मला माझ्या बुद्धीचे समाधान वाटले. ते मी येथे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व शेवंती गिरगावातील स्टुडिओचा जिना चढलो. गृहस्थांनी प्रकरण ऐकले, पिशवीतून नुकत्याच छापलेल्या, अजून ट्रंकेत न गेलेल्या फोटोंचे पाकीट काढले आणि एक फोटो मेजावर ठेवला.

तो फोटो मी विसरणे शक्य नाही. मागे बंद दुकानाच्या काळ्या फळ्या. पुढे नऊ-दहा माणसे. काच फुटल्याचा आवाज नुकताच झालेला असावा, कारण साऱ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या, एका म्हातारीने कानांवर हात ठेवलेले. मधोमध भिकाजी, दळणाचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून. यापेक्षा चांगला पुरावा कोणत्याही न्यायालयाने पाहिला नसेल. परंतु भिकाजीच्या उजव्या अंगाला, त्याच्या खांद्याला खांदा लावून, पांढऱ्या सदऱ्यातील एक तरुण होता. त्याचा उजवा हात पुढे फेकल्यासारखा लांब झालेला, पाची बोटे पसरलेली, तोंड उघडे.

"हो आमचो अर्जुन!" शेवंती म्हणाली आणि तिने तोंडावर पदर घेतला.

अर्जुन म्हणजे तिच्या शेजारच्या खोलीतील मुलगा. वय पंचविशीच्या आतले, त्याच गिरणीत बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवशी काम मिळणारा. भिकाजीचे काम बंद झाल्यापासून अर्जुनाची आई रोज एक पातेले भात या घरात आणून ठेवीत होती, असे शेवंतीने रडत रडत सांगितले.

मी गृहस्थांना विचारले, "दगड यानेच मारला काय?"

"मी कॅमेऱ्याच्या काचेत बघत होतो. काचेत उजवं डावं दिसतं."

"उजवे-डावे राहू द्या. मारला काय?"

"हात पुढे होता."

"घोषणा देतानाही हात पुढे येतो."

"येतो."

"म्हणजे घोषणा देत होता?"

"असेल."

असा त्यांचा स्वभाव. मी मनाशी प्रकरणाची मांडणी केली. हा फोटो आहे तसा दिला तर भिकाजी सुटतो व अर्जुन अडकतो. न दिला तर भिकाजी जातो. उपाय एकच. ज्या माणसाने विधवेशेजारी कैलासवासी पती बसवला, त्यास फळ्यांपुढचा एक पांढरा सदरा नाहीसा करणे किती कठीण? मी तसे स्पष्ट सुचवले.

ते उठून खिडकीपाशी गेले. "नाही," ते म्हणाले. "दिवसभर हेच करतो मी. ट्रंकेतल्या फोटोंना नाही करत."

"का नाही?"

"माझ्या बापाचा फोटो नाही. आमच्या माणसांना तेव्हा स्टुडिओचा जिना चढू देत नसत. गिरणीच्या कागदात त्याचं नाव चुकीचं लागलं होतं, तेच शेवटपर्यंत राहिलं. आता तो कशातच नाही. मी कोणाला पुसणार नाही."

 यावर शेवंती बोलली.

"दादा, सगळ्या मुंबयचे डाग पुसतास. शेठाणीचो मस पुसलास, तो कोणाचो बापूस होतो? आमचोच तेवढो नियम आड येता? तुमी तेका पुसलास तर तो वाचता, आमीय वाचतंव. नाय पुसलास तर फोटोत रवात, आनि गिरणीतसून जायत. खंय रवलेलो बरो, सांगा."

 गृहस्थांचा चेहरा इतका गोंधळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. मग ते येऊन मेजापाशी बसले, पिशवीतून निगेटिव्ह काढली व काचेवर ठेवली. उजेडात सगळे उलटे दिसत होते. काळ्या फळ्या पांढऱ्या, पांढरा सदरा काळा.

"मूळ तशीच ठेवून दुसरी करतो," ते म्हणाले. "वेळ लागेल, पण करतो."

येथे मी हरकत घेतली. माझ्या धंद्याचा मला अनुभव आहे. एका गोष्टीचे दोन कागद अस्तित्वात असले की त्यातला नको तो आधी कचेरीत पोहोचतो. मी म्हटले, जे करायचे ते मुळावरच करा, व ही छापलेली प्रतही उरू देऊ नका. चौकशीला तीन दिवस राहिले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि चाकू उचलला.

ते काम मी शेजारी बसून पाहिले. त्यांनी पायांपासून सुरुवात केली. चाकू अंगुळभरही हलत नव्हता, तरी काळा रंग धुळीसारखा निघत होता. काम करता करता ते शेवंतीला विचारू लागले, हा मुलगा कसा आहे? काय खातो? मोठ्याने हसतो की तोंडातल्या तोंडात? शेवंती सांगत गेली. त्यास सुके बांगडे आवडतात. शिमग्याला तो बाईचे सोंग घेतो. आईवर ओरडतो आणि मग तिचे पाय चेपतो. ती सांगत होती आणि इकडे त्याचे गुडघे गेले, कंबर गेली, पसरलेली बोटे एकेक करून गेली. चेहरा त्यांनी शेवटी घेतला. त्या वेळी त्यांनी काही विचारले नाही व तीही बोलली नाही. नंतर पेन्सिलीने फळ्यांच्या फटी जोडल्या. छापून पाहिले तेव्हा त्या जागी फळ्या होत्या. मी डोळे फाडून पाहिले. फळ्याच होत्या. पहिली प्रत मी खालच्या चहाच्या दुकानातील शेगडीत स्वतःच्या हाताने टाकली.

आम्ही तिघांनी त्या दुपारी अर्जुनाविषयी इतके बोलूनही, त्यास विचारावे, असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. माझ्यापुरते सांगायचे तर अर्जात ज्याचे नाव नाही त्यास विचारण्याची आमच्या धंद्यात पद्धत नाही. अर्जदार एक, प्रतिपक्ष एक. बाकीचे लोक असतात एवढेच. आणि आम्ही तर त्याचे भलेच करीत होतो.

चौकशीच्या दिवशी गिरणीच्या अधिकाऱ्याने फोटो उजेडाकडे धरून पाहिला. गृहस्थांना साक्षीला बोलावले होते.

"फोटोत काही फेरफार केलेला आहे?"



"स्टुडिओत रोज करतो तेवढंच काम केलं आहे."

"साफसफाई?"

"तेच."

अधिकाऱ्याने मान हलवली. आठवड्याभरात भिकाजी साच्यावर रुजू झाला. शेवंतीने माझ्या घरी नारळ आणून दिला. गृहस्थांकडेही नेला होता, पण त्यांनी घेतला नाही म्हणाली, आणि दारही पुरते उघडले नाही. त्यानंतर मला ते एका मोर्चात दिसले. नेहमीप्रमाणे पाठ करून उभे होते, मान झुकवली होती, परंतु फार वेळ झाला तरी मान वर येईना. जवळ जाऊन पाहिले तर कॅमेऱ्याचे झाकण लावलेलेच होते.

"झाकण," मी म्हटले.

"माहीत आहे," ते म्हणाले. मी गोंधळून बाजूला झालो.

पुढे महाराष्ट्राचे राज्य झाले. चाळीचाळींतून रोषणाई झाली, पेढे वाटले गेले, आणि जो तो आपण चळवळीत कोठे होतो ते सांगू लागला. भिकाजीच्या चाळीतील मंडळाने चळवळीत भाग घेतलेल्या रहिवाशांचा सत्कार करायचे ठरवले. पुरावा म्हणून फोटो असलेला रहिवासी एकच निघाला. तो फोटो मोठा करून, चौकट घालून, मंडळाच्या खोलीत लावण्यात आला. दळणाला गेलेला भिकाजी हातात श्रीफळ घेऊन त्याच्याखाली बसला, आणि सगळा वेळ त्याने मान खाली घातली होती. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अर्जुन माझ्या ओट्यावर आला.

"रायटरकाका, एक अर्ज लिहायचाय. मंडळाला."

"मजकूर?"

"त्या फोटोत भिकाजीदादाच्या बाजूला मी होतो. चिकटून होतो. त्याचा डबा माझ्या बरगडीत टोचत होता, अजून आठवतं. फोटोत नाहीये मी. असं कसं होईल?"

मी कागद घेतला. 'अर्जदार' असे लिहिले आणि पुढे हात चालेना. हजारो अर्ज लिहिलेल्या माणसाचा हात चालेना, हे अर्जुनाने पाहिले.

"काय झालं काका?"

खरे सांगावे तर भिकाजीची चौकशी खोटी ठरते व पाच बायकापोरे रस्त्यावर येतात. न सांगावे तर समोर बसलेला मुलगा स्वतःलाच वेडा ठरवू लागतो. मी टाक ठेवला व म्हटले, "चल माझ्याबरोबर."

स्टुडिओत गृहस्थ मेजावर होते. अर्जुनाला ते पूर्वी कधी भेटल्याचे मला ठाऊक नाही. त्याला पाहताच ते उभे राहिले.

"मी पुसला तुला," ते म्हणाले.

अर्जुन हसला. त्यास ती थट्टा वाटली असावी. मग त्याने माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या तोंडावरून त्यास कळले.

"कोणी सांगितलं?"

गृहस्थांनी माझे नाव घेतले नाही, शेवंतीचेही घेतले नाही. "चाकू माझ्या हातात होता."

अर्जुन बाकावर बसला. तो आता ओरडेल, मेजावरच्या काचा फोडेल, खाली जाऊन चाळभर सांगेल, अशी माझी खात्री झाली होती. तो बोलला ते अगदी हळू.

"कसा दिसत होतो मी?"

गृहस्थ सांगू लागले. सदऱ्याची वरून दुसरी गुंडी नव्हती. डाव्या भुवईवर घामाचा थेंब होता. पुढचे दोन दात दिसत होते, त्यातल्या एकाचा कोपरा तुटलेला. गळ्याची शीर वर आलेली. एक डोळा बारीक झाला होता, उन्हामुळे किंवा कशामुळे. त्यांनी कागद पाहिला नाही, डोळे मिटले नाहीत. माणसाच्या चेहऱ्याचे इतके बारीक वर्णन मी कोणत्याही जबानीत वाचलेले नाही. अर्जुनाने नकळत आपल्या तुटक्या दाताला जीभ लावली.

"घाबरलेला होतो?"

"नाही."

"आणि हातात?" तो पुढे सरकला. "हातात दगड होता का माझ्या?"

मी म्हटले, "अरे, ते तुला माहीत असायला हवे!"

"नाही ना काका," तो कळवळून म्हणाला. "खरंच नाही. घोषणा देत होतो तेवढं आठवतं. पायाखाली खडी होती. वाकलो होतो की कोणी ढकललं, तेही नाही आठवत. काच फुटली आणि पळालो. तेव्हापासून कधी वाटतं मीच मारला, कधी वाटतं मी नुसता बोंबललो. भिकाजीदादावर आलं तेव्हा रोज ठरवायचो, जाऊन सांगू. पण काय सांगू? मारला असं सांगू, आणि मारलाच नसला तर? फोटो आहे कळलं, तेव्हा वाटलं बरं झालं. एकदा बघितलं की कळेल."

 खाली रस्त्यावरून कोणी कल्हईवाला ओरडत गेला.

"हात रिकामा होता," गृहस्थ म्हणाले. "बोटं उघडी होती. सुटल्यावरही उघडीच राहतात. मला त्याच्याआधीचं दिसलं नाही."

मग त्यांनी एक काम केले, जे मी त्यांच्या हातून कधी अपेक्षिले नव्हते. कपाटातून त्या फोटोची एक मोठी प्रत काढली, मेजावर ठेवली, पांढऱ्या रंगाची बशी घेतली, केसाएवढ्या कुंचल्याचे टोक ओठांत ओले केले आणि अर्जुनाला समोर बसवले. काळ्या फळ्यांवर, भिकाजीच्या उजव्या अंगाला, प्रथम गळ्याची शीर आली, मग उघडे तोंड, मग तुटका दात. दुपार कलेपर्यंत सदरा झाला, नसलेल्या गुंडीची जागा झाली, खांदा झाला. अर्जुन श्वास न घेता पाहत होता. भिकाजीला या कागदाने धोका आहे, हे मी दोनदा सांगितले. अर्जुन म्हणाला, "काका, माझ्या खोलीच्या बाहेर नाही जाणार." त्यावर मी विश्वास ठेवला. का ठेवला ते सांगता येत नाही.

दंड कोपरापर्यंत आला तेव्हा गृहस्थांनी कुंचला थांबवला.

"हातात काय काढू?"

"तुम्ही बघितला ना? बोटं उघडी."

"ती काढली तर तू आयुष्यभर तीच बघत बसशील. तू सांग. दगड काढू, मूठ काढू, झेंडा काढू. आता सगळंच खोटं आहे. जे म्हणशील ते काढतो."

असे ते बोलले, ट्रंकेतल्या फोटोस पेन्सिलीचे टोक न लावणारे गृहस्थ. त्यांनी हे दयेने म्हटले, रागाने म्हटले, की हार मानून म्हटले, याचा मी आजही विचार करतो.

अर्जुनाने आपला उजवा हात पुढे धरला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाला, "आज राहू दे. आईला विचारून सांगतो."

पुढच्याच वर्षी गृहस्थ छातीच्या दुखण्याने गेले. त्यांची ट्रंक कोणी नेली याचा मी तपास केला. एकाने एक सांगितले, दुसऱ्याने दुसरे. तो फोटो अर्जुनाच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूस आहे. दार उघडे असले की दिसत नाही. शेजारधर्माने शेवंती आत-बाहेर करते; तिने तो पाहिला आहे, आणि मला भेटली की त्याविषयी बोलत नाही. मी तो एकदाच पाहिला. दोघे खांद्याला खांदा लावून उभे आहेत, अर्जुनाचे तोंड उघडे आहे, दंड कोपरापर्यंत पुढे आलेला आहे, आणि त्यापुढे फळ्या आहेत.

"हाताचं काय ठरलं?" मी विचारले.

"आई म्हणते दगड नव्हता," अर्जुन म्हणाला. "पण ती त्या दिवशी गावाला होती."